थोरला, धाकटा आणि आमचे साडू

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "दोन्ही सारखेच, मग एवढा विचार कसला करताय?" दोन्ही सारखेच! अहो, चाळीस वर्षं बूट शिवतोय मी. एकाच माणसाचा डावा पाय आणि उजवा पाय सारखा नसतो, आणि हे मला दोन अख्खे डोंगर सारखे म्हणून सांगतात!

तुम्हाला सांगतो, माझ्या दुकानाच्या दारात उभं राहिलं की दोघं समोर दिसतात. एक थोरला, एक धाकटा. थोरला चौदा हजार दोनशे फूट. धाकटा चौदा हजार एकशे नव्वद. फरक किती? दहा फूट. म्हणजे माझ्या दुकानाचं शटर आणि त्यावरची पाटी. बस्स. पण त्या दहा फुटांनी माझ्या जिवाचं पाणी केलं. का? कारण थोरल्यावर आमचे साडू जाऊन आलेत!

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान. भूगोलाचे मास्तर. माणसं निवृत्त झाली की बागेत बसतात, गुपचूप खोकतात. हे डोंगरावर गेले. बरं गेले तर गेले, फोटो कशाला हवा? दार उघडलं की समोर फोटो. कमरेवर हात, मान वर, मागे आभाळ. त्यांच्याकडे पाणी प्यायचं तर फोटोसमोर, हात धुवायला जायचं तर फोटोखालून! आणि आमची ही, दर खेपेला, जशी काही पहिल्यांदाच बघतेय, "भाऊजी किती रुबाबदार दिसतात, नाही?" चाळीस वर्षांत माझ्या एका टाक्याला कधी रुबाबदार म्हणाली नाही!

जळतो मी. लपवत नाही. चौथीपर्यंत शिकलो, त्यात खोटं बोलणं शिकवलं नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षी, त्रेसष्टाव्या वर्षी, मीही चढायला लागलो. तीन टेकड्या केल्या. तिसऱ्या टेकडीवर एक बाई कडेवर पोर घेऊन, फोनवर बोलत माझ्या पुढून निघून गेली... ते सोडा. मग गेलो डॉक्टरकडे. पोरगेलासा डॉक्टर, माझा गुडघा वाकवून बघतो, कुरकुर ऐकतो आणि म्हणतो, "आजोबा, मोठा डोंगर एक करा. एकच. मग पुरे." मी म्हटलं, "कोणता?" तर म्हणे, "कोणताही हो. दोन्ही सारखेच!"

सारखेच! आता तुम्हीच बघा माझी गोची. गुडघ्यात डोंगर शिल्लक एक. थोरल्यावर गेलो तर मास्तर म्हणणार, "वा वा, तुम्हीही जाऊन आलात का?" आणि पाठीवर थाप मारणार, पाढा म्हणून दाखवलेल्या पोराला मारतात तशी. आणि धाकट्यावर गेलो तर? मरेपर्यंत दहा फूट खाली! "धाकटा ना? छान आहे. नवशिक्यांना बरा." हे ते बोलले नाहीत अजून. पण मला ऐकू येतं!

म्हणून गेलो वाटाड्या बाईंकडे. त्या दर आठवड्याला माणसं वर नेतात. खणखणीत बाई. "हे बघा काका, चढायला सात तास, उतरायला पाच. धाकट्यावर घसरडे खडे, थोरल्यावर लांबलचक धार. दम तेवढाच लागतो, दोन्ही सारखेच. शनिवारपर्यंत नाव द्या." मी म्हटलं, "आणि उंचीचं काय?" "दहा फूट होय? अहो काका, वर बर्फ साचला की तेवढा फरक मिटतो." मी वही काढली. म्हटलं, "बरं, मग धाकट्यावर बर्फ जास्त आणि थोरल्यावर कमी, असं नेमकं कधी असतं?" बाईंनी माझी वहीच मिटून माझ्या हातात दिली. काय चुकीचं विचारलं मी? सांगा ना!

घरी आलो. हिला म्हटलं, काय करू? भाजी निवडता निवडता, मान वरसुद्धा न करता म्हणते, "अहो, धाकट्यावर जा. आणि जाताना एक दहा फुटी शिडी न्या." आणि हसली. हसली तर हसली, बहिणीला फोन लावून परत हसली!

झालं. दुसऱ्या दिवशी साडू दुकानात हजर. "काय साडूभाऊ! थोरला की धाकटा? तुम्ही म्हणाल तिकडे मीही येतो. तुम्ही पहिल्यांदाच एवढं उंच जाताय, सोबत असावी." सोबत! म्हणजे मी चढणार आणि हे शेजारी उभे राहून भूगोल सांगणार! संतापून तोंडातून निघून गेलं, "थोरला!" "उत्तम!" म्हणाले, आणि पिशवीतून बूट काढून फळीवर ठेवले. "जरा तळ बघा. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही मी."

ते गेल्यावर बूट उलटा केला. तळ खोटं बोलत नाही. मनात म्हटलं, निघू दे, मास्तर अर्ध्या वाटेतून परत फिरलेत असं निघू दे. बघतो तर पंजा पार टोकापर्यंत झिजलेला, म्हणजे माथ्यापर्यंत चढलेत. टाच झिजलेली, म्हणजे उतरलेत. माणूस सच्चा निघाला! काय कमनशीब माझं!

आता खरं सांगतो. आरी हातात होती. दोन टाके सैल सोडले असते तर कुणाला कळलं असतं? मला. बस्स, तिथेच हात थांबला. जळणं वेगळं, शिवण वेगळी. मग रागारागाने असे शिवले ते बूट... दुहेरी टाका, मेण लावलेला दोरा, टाचेत कातड्याची जास्तीची घडी... तीन दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. शनिवारी संध्याकाळी बूट नेऊन दिले, घरी आलो, आणि माझे बूट बघितले. पुढचा तळ उचकटलेला! आणि निघायचं होतं पहाटे!

लावलं सोल्यूशन, ठोकलं, वर पाटा ठेवला. गिऱ्हाईकाला मी काय सांगतो? सोल्यूशन लावलं की दोन दिवस बूट मागायचा नाही, मागितला तर परत यायचं नाही. शेजारचा शिंपी डोकावून म्हणाला, "वाळेल का हो?" मी म्हटलं, "माझ्या हाताला वाळतं!"

निघालो. बारा जण, त्यातले निम्मे माझी गिऱ्हाइकं. सहा तास चढलो. तुम्हाला सांगतो, दम असा लागला की शिव्यासुद्धा हप्त्याहप्त्याने देत होतो. पुढे साडू. माझ्या टाक्यांवर! ना घसरणं, ना अडखळणं, आणि दर दहा मिनिटांनी मागे वळून, "अहाहा, साडूभाऊ, काय तळ बसवलाय!" आणि माथा तीनशे फुटांवर आला आणि... फट्!

माझ्या उजव्या बुटाने तोंड उघडलं. पाऊल टाकलं की फटॅक, उचललं की फटॅक. सगळे थांबले. वाटाड्या बाई खाली वाकल्या, आणि आवाज असा की धाकट्यावर ऐकू जावा, "काका! कुणी दुरुस्त केला हो हा बूट? असल्या माणसाला दुकानातून उठवलं पाहिजे!"

चाळीस वर्षं. चाळीस वर्षांचं नाव त्या धारेवर टांगलं होतं, खाली दोन्हीकडे दरी. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, खरं सांगायलाच उघडलं होतं. तेवढ्यात मास्तर कडाडले, "बाजारातला आहे हो तो! तयार माल! किती वेळा सांगितलं यांना, स्वतःच्या हातचे घाला, ऐकतात का? हे बघा, माझे बघा, हे त्यांच्या हातचे!" आणि एवढ्या वाऱ्यात, त्या धारेवर, सत्तरीला टेकलेला माणूस एका पायावर उभा राहून सगळ्यांना बुटाचा तळ दाखवतोय!

मग खाली बसले. खिशातली जादा नाडी काढून माझा बूट आवळून बांधला. आणि गाठ मारता मारता, फक्त मला ऐकू येईल असं, "ओलं होतं का सोल्यूशन?"

मास्तर! सगळं कळतं मेल्याला!

पोचलो वर. फटॅक फटॅक करत पोचलो. समोर धाकटा दिसत होता. बघितला नीट. खरं सांगू? दोन्ही... नाही, मी नाही म्हणणार. जीव गेला तरी नाही म्हणणार.

खाली आल्यापासून दुकानात बुटांची रांग लागलीय. जो तो म्हणतो, "मास्तरांसारखे शिवून द्या." मास्तरांसारखे! टाके माझे, नाव त्यांचं! आणि मी आपली मापं घेतोय. अहो, किती छान जळत होतो मी! मनापासून, नियमित, सुट्टी न घेता. आणि या माणसाने एका वाक्यात सगळा घोटाळा करून ठेवला... आता असल्या माणसावर धड जळताही येत नाही हो!