कापसातली टाकी

मंठ्याला गॅसच्या रांगेत माझ्यापुढं साळूबाई आणि चाँदबी रिकाम्या टाक्या घेऊन उभ्या होत्या.

“साळूबाई, घरच्या भरलेल्या टाकीला साबणाचा फेस लावून पाह्यला का?”

“लावला की, चाँदबी. एक बुडबुडा न्हाई आला.”

“बराबर. मंग ठेवली कुठं?”

“कापसाच्या खोलीत, आडवी. मऊ राह्यतं, आदळत न्हाई.”

“या अल्ला! टाकी उभी ठेवायची, खुल्या हवेत. कापसात कोण ठेवतं?”

“भ्यायचं काय त्यात? आमचे मालक दिवसभर तिथंच लोळतेत, राखणीला.”

“पुंजारामभाऊ? त्यांनी बिडी सोडली?”

“बिडी? अगं बाई!”

“साळूबाई! नंबर आला अन् कुठं पळाली?”

“माझी टाकी सांभाळ, चाँदबी! आधी मालकाला उभं करते, मंग त्या टाकीला!”