काऊंटरवरचा आवाज

(बेळगुंदी. रविवारची दुपार. घरात तिघी : दातांच्या डॉक्टर क्षमा, त्यांच्या दवाखान्यात काऊंटर सांभाळणारी रूपाली आणि रूपालीची आई गुणाबाई.)

गुणाबाई : तिला नका इचारू मॅडम, मला इचारा. घशाच्या डॉक्टरनं बोलायचंच न्हाय म्हणून सांगितलंय. कुजबुजायचं बी न्हाय.

क्षमा : माहीत आहे, गुणाक्का. पण मोबाईल तरी चालू ठेवायचा. किती मेसेज टाकले मी हिला.

गुणाबाई : मीच बंद करून कपाटात टाकलाय. समद्या पेशंटांकडं हिचाच नंबर. कुणाची दाताची तार निसटली, कुणाची गालात टोचतीया, कुणाला पुढची तारीख पायजे. ही आपली घोगऱ्या आवाजात बोलतीच हाय. मग गाठी हुणार न्हाईत तर काय घशात?

क्षमा : मला सर्दी वाटली होती.

गुणाबाई : सर्दी? दिवाळीपासनं?

क्षमा : दिवसभर लोकांच्या तोंडात बघत असते मी. मान वर करायला होत नाही.

गुणाबाई : आमाला तरी कुठं कळलं. घरी आली की गप. जेवताना गप. मी म्हटलं, खानापूरच्या स्थळाला होय म्हटलं म्हणून रागावलीया. खरं हिचं बोलणं दवाखान्यातच संपून यायचं.

क्षमा : रूपाली, तू नसताना काय चाललंय सांगू? परवा एकाच वेळेला चौघांना बोलावून ठेवलेलं. मदतनीस म्हणून ब्राह्मी एकटीच, तिनं आत माझ्या हाताशी राहायचं की बाहेर फोन उचलायचा? त्यावरनं तिचं आणि आपल्या दवाखान्यातल्या आदर्श डॉक्टरांचं भांडण झालं, तेही पेशंटसमोर. ती रडत घरी गेली. निपाणीच्या दवाखान्यात गेले तर लोक पायऱ्यांवर बसलेले आणि किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नाही. आता हातमोजे काढायचे, फोन घ्यायचा, परत घालायचे, असं चाललंय माझं.

गुणाबाई : हसतीया बगा कशी.

क्षमा : हसू दे. मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे म्हणून लोक येतात.

गुणाबाई : हाय की गुण. आमच्या जावंच्या पोरीचं दात कसं सरळ केलासा! खरं सकाळची वेळ दिल्यालं माणूस दुपारी आत घेतासा. तवर त्याला कोण सांभाळतंय? मराठीत माफी, कन्नडात माफी, हिंदीत माफी. वरडणारं वरडून जातंय, ही आपली बसा, बसा म्हणतीया.

क्षमा : आलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही मला. चिकोडीहून, खानापूरहून, कुठनं कुठनं येतात.

गुणाबाई : तुमाला न्हाय म्हणवत न्हाय, म्हणून तिला बसा, बसा म्हणाय लागतंय.

क्षमा : होय. तसंच झालंय.

गुणाबाई : वाईट वाटून घिऊ नका. आय हाय, बोलले.

क्षमा : नाही हो. दमलेय मी. काल शेवटच्या मुलीला तार बसवताना माझेच डोळे मिटायला लागले. ती म्हणाली, डॉक्टर, झोप आली काय तुम्हाला?

गुणाबाई : मग कमी करा की जरा.

क्षमा : तेच ठरवून आलेय. निपाणी आदर्श डॉक्टर बघतील. फोनला दुसरी कुणीतरी घेते. रूपालीनं फक्त आतल्या खोलीत बसायचं. दातांचे फोटो नीट लावायचे, साचे बघायचे, हत्यारं मांडून ठेवायची. एक शब्द बोलायला लागणार नाही.

गुणाबाई : मग लई चांगलं झालं! ऐकलीस न्हवं गं? बोलायचंच न्हाय म्हटल्यावर अडचण कसली? पुढल्या महिन्यात घसा दाखवून आलं की लागलीच पाठवते.

क्षमा : घाई नाही. आधी बरी होऊ दे.

गुणाबाई : घाई न्हाय कशी? घरात बसून पोरगी सुकून जाईल. वळखीची जागा, तुमी हायसा. मीच येते बसपत्तर सोडायला.

क्षमा : बस कशाला, मी गाडी पाठवते की. सुरुवातीला अर्धाच दिवस येऊ दे.

गुणाबाई : तसं करूया. दुपारी जेवायला घरी येईल.

रूपाली : मॅडम.

गुणाबाई : अगं! बोलू नको म्हटलंय न्हवं तुला!

रूपाली : मला परत न्हाय यायचं.

गुणाबाई : काय बोलतीस? मॅडम सोता घरापत्तर आल्यात...

क्षमा : राहू दे, गुणाक्का.

गुणाबाई : अवं, तिला कळंना झालंय. आतलं काम हाय गं, बोलायचं न्हाय...

रूपाली : आत बसून बी न्हाय.

गुणाबाई : मॅडम, तुमी मनावर घिऊ नका. मी समजावते तिला.

क्षमा : नका समजावू. ऐकलं मी, रूपाली. जरा वेळ इथंच बसते हं. लगेच उठवत नाही मला.