कंपनीचं पत्र

पोर्तुगाल कसं होतं ते सगळेच विचारतात. जाण्याआधी वाशीमला काय झालं, ते ऐका.

लॅपटॉपवर कुठूनही काम करणाऱ्याला ते लोक वर्षभर राहू देतात. डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात त्याला. त्याचे कागद नोटरी करायला आणि जाण्याआधी बाबांना भेटायला मी पुण्याहून धनजला, घरी आलो आणि बाबांना घेऊन वाशीम गाठलं. कोर्टाबाहेर वकिलाने कंपनीचं पत्र वाचून शिक्का मारला.

बाबांनी विचारलं, "काय लिहेल आहे साहेब त्याच्यात?"

"तुमचा पोरगा चार वर्सापासून कुठूनबी काम करते. ऑफिसात जा लागत नाही त्याले."

"हुशारच आहे तो," बाबा म्हणाले.

परतीच्या एसटीत फाईल त्यांच्या मांडीवर होती. मंगरूळपीर आलं तेव्हा ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मागच्या साली तुयी माय दवाखान्यात रोज इचारे, पोरगा कवा येते. तू फोनवर म्हने, ऑफिसवाले सोडत नाहीत. ती जाईपर्यंत मी तिले तेच सांगत राह्यलो."



त्यांनी फाईल माझ्या हातात दिली.

"मंग मी तिच्याशी खोटं बोललो का रे?"