शिडी मीच नेली

नाव वरच्या रकान्यात आहे. वय ६४ वर्षे. धंदा : सध्या घरकाम, पूर्वी न्यायालयात टंकलेखिका, तीस वर्षे. राहणार : पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीतले शेवटचे बैठे घर, आवारासह.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, वरील ठिकाणी मी व माझे पती असे दोघेच राहतो. पती दुकानांच्या पाट्या रंगवीत. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून उजवी बाजू व वाचा गेली असून ते मागच्या खोलीत पलंगावर असतात. डाव्या हाताशी मी घंटी बांधून ठेवली आहे. त्यांचे वजन ब्याण्णव किलो आहे. गादीसकट बाहेर आणायचे तर चार माणसे लागतात. हे मी आधीच लिहून घ्यायला सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

मागच्या खोलीच्या खिडकीपासून सात पावलांवर शिरीषाचे मोठे झाड आहे. त्याचे खाली एकच खोड असून दीड पुरुष उंचीवर बेचके आहे. तिथून एक बाजू रस्त्याकडे जाते व दुसरी बरोबर मागच्या खोलीच्या छपरावर येते. एकोणीस वर्षांपूर्वी हे बेचके कच्चे असल्याचे झाडकाम करणाऱ्या गृहस्थांनी ओळखले. त्यांना गल्लीत सगळे दोरवाले मामा म्हणतात, कारण ते दोरावर चढतात व दोरावरच उतरतात. त्यांनी वर दोन्ही बाजूंना धरून ठेवणारी जाड पोलादी तार बसवली. झाड जाड होई तशी दर दोन वर्षांनी ते येऊन ती सैल करून देत. माझ्या पतींनी त्या वेळी पत्र्याची पाटी रंगवून तारेला अडकवली. लाल पाटीवर पांढरी अक्षरे : ‘ही तार झाडाला धरून आहे. तोडू नये.’ पलंगावरून ती स्पष्ट वाचता येत असे.

यंदा छपरावर दोन वाळक्या फांद्या दिसू लागल्या. मी मामांना बोलवणार होते. परंतु परगावी असलेल्या माझ्या मुलाने फोनवर सांगितले की मामा म्हातारे झाले, त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, इंटरनेटवर नाव नाही, आणि आता हे काम शास्त्रशुद्ध करणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. त्याने तिकडूनच एक कंपनी ठरवली. मुलगा वाईट नाही. त्याला फक्त छापील कागदाचे फार कौतुक आहे.

गुरुवारी सकाळी ९.३५ वाजता कंपनीची हिरवी गाडी आली. तीन इसम उतरले. तिघांच्या डोक्यावर शिरस्त्राण व पाठीवर झाडाचे चित्र होते. पैकी तक्रारदार हा त्यांचा पर्यवेक्षक, वय अंदाजे तीस. त्याने झाडाला हात न लावता त्याचे सोळा फोटो काढले. मामा पहिल्या दिवशी झाडावर चढतसुद्धा नाहीत. दोन फेऱ्या मारतात, लाकडी हातोडीने खोड वाजवून कान लावतात, आणि मग खोलीत येऊन पतींच्या खिडकीतून बघतात. याने खिडकीकडे पाहिले तेही काचेत स्वतःचे शिरस्त्राण नीट करण्यासाठी.

त्यानंतर त्याने मला विचारले की शिडी मिळेल का. झाडांची निगा राखणारी कंपनी शिडी न घेता आली होती. दोर गाडीत होता, पण त्यावर चढणारा माणूस त्या दिवशी रजेवर असल्याचे कळले. मी पतींची पाट्या लावायची शिडी दिली. तारेबद्दलही सांगितले. त्यावर पर्यवेक्षकाने हातातल्या यंत्राकडे बघतच सांगितले की, “काकू, आम्ही रोजच झाडं बघतो. तुम्ही निवांत आत बसा.” मी आत गेले. इथे माझी चूक झाली, ती मला मान्य आहे.

१०.४० वाजता पतींची घंटी वाजू लागली. ती एरवी एकदाच वाजते. या वेळी थांबेना. पाणी हवे असेल म्हणून मी भांडे घेऊन गेले. पती माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीकडे बघत होते. बाहेर अंगणात लाल पाटी उपडी पडली होती व तिच्याशेजारी तारेचे वेटोळे होते.

मी बाहेर जाऊन जाब विचारला. पर्यवेक्षक छपराकडच्या बाजूवर बसलेला होता. त्याचे म्हणणे असे की त्या यंत्रातल्या कंपनीच्या तपासणी तक्त्यात ‘झाडावरील परकीय वस्तू काढणे’ असा रकाना आहे. त्यात खिळे, जाहिरातींचे फलक व जुन्या वायरी येतात, आणि हा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. त्याने पाटी वाचली का असे विचारता, कुठल्यातरी दुकानाची जुनी जाहिरात वाटली, असे उत्तर मिळाले. एवढी शुद्ध, ठसठशीत अक्षरे शहाण्याला जाहिरात वाटली. एकोणीस वर्षांत ती पाटी पोस्टमनने वाचली, शेजारच्या मास्तरांच्या नातवाने ती बघून अक्षरे गिरवली. वाचता आली नाही ती फक्त प्रमाणपत्रधारकाला.

तेवढ्यात बेचक्यातून आवाज झाला. पाहिले तर तिथे बोट शिरेल एवढी भेग होती. मी ती दाखवली. खालचे दोघे इसम दोन पावले मागे सरकले, म्हणजे त्यांना समजले होते. पर्यवेक्षक वरून म्हणाला की लाकूड उन्हात असे बोलतेच, फांदी शंभर टक्के सुरक्षित आहे.

मी म्हटले, सुरक्षित असो वा नसो, आधी माझ्या माणसाला त्या खोलीतून बाहेर काढू, तुम्ही तिघे आणि मी मिळून चार होतो. खालच्या दोघांनी साहेबांना विचारा म्हणून हात झटकले. साहेबांनी सांगितले की त्यांचे काम झाडापुरते आहे, रुग्ण उचलणे कामाच्या अर्जात नाही, काही कमीजास्त झाले तर जबाबदार कोण. मी हात जोडले. हे लिहावे, मी हात जोडले होते. तो म्हणाला, “घाबरू नका हो, उद्या मशीन घेऊन येतो.” आणि उतरण्यासाठी पाय खाली सोडला.

तेव्हा १०.५५ वाजता मी शिडी काढून घेतली. ती आडवी धरून पडवीत नेली आणि दाराला आतून कडी लावली. चाळीस वर्षे पतींना ती शिडी मीच धरून देत होते, त्यामुळे मला जड गेली नाही. खिडकीतून मी त्याला म्हटले, “जिच्याखाली माझा माणूस झोपतो ती फांदी सुरक्षित आहे ना? मग जरा वेळ बसा तिच्यावर.”

त्याला इजा करण्याचा हेतू होता काय, असे विचारल्यावरून सांगते की, नव्हता. फांदी सुरक्षित नाही हे मला माहीत नव्हते, असे मात्र मी म्हणणार नाही. मला माहीत होते. त्यालाही माहीत होते. पलंगावरच्या माणसाला तर आम्हा दोघांच्या आधी कळले होते. फक्त कबूल कुणी करायचे एवढाच प्रश्न होता.

झाडाच्या तज्ज्ञाला शिडीवाचून झाडावरून उतरता येत नाही, हे त्या वेळी सिद्ध झाले. पहिली पाच मिनिटे त्याने मला कायदा शिकवला. न्यायालयात मी तीस वर्षे कायदाच टंकत होते, त्यामुळे कलम चुकल्याचे मी त्याच्या लक्षात आणून दिले. नंतर तो मुलाला फोन लावायच्या गोष्टी करू लागला. ११.०८ वाजता भेगेत पुन्हा आवाज झाला. शेजारचे मास्तर कुंपणापाशी आले होते, त्यांच्यासमक्ष तो फांदीला मिठी मारून ओरडला, “काकू, ही फांदी जाणार आहे. तार तोडायला नको होती. शिडी लावा.”

मी ताबडतोब कडी काढून शिडी लावली. म्हणजे तो एकूण तेरा मिनिटे वर होता. तक्रारीत दोन तास लिहिले आहेत, ते खोटे आहे. उतरल्यावर मी त्याला गादीचा डावा कोपरा दिला. अर्जात नसलेले काम तिघांनी चार मिनिटांत केले. पती पुढच्या खोलीत आले. त्यानंतर ते तिघे मी पाटी उचलायच्या आत अंगणातले सामान गोणीत भरून निघून गेले.

मी बोलावल्यावरून १२.३० वाजता दोरवाले मामा आले. आता तार बसवून उपयोग नाही, ती बाजू उतरवावीच लागेल, एवढेच ते बोलले. मुलाला किंवा मला काही सुनावले नाही. त्यांनी दोरावर चढून ती बाजू तुकड्या-तुकड्याने खाली सोडली. संध्याकाळपर्यंत काम चालले. छपराचे एक कौल फुटले नाही. रस्त्याकडची बाजू उभी आहे. ती जगेल असे ते म्हणतात.

कंपनीने मुलाला पाठवलेला अहवाल सोबत जोडला आहे. पान चारवर पाटीचा फोटो असून तिच्यावरची अक्षरे सहज वाचता येतात. खाली लिहिले आहे : ‘परकीय वस्तू काढली. होय.’

माझी कंपनीकडे नुकसानभरपाईची मागणी नाही. त्यांनी माफी मागावी अशीही इच्छा नाही, ती ते छापील पाठवतील. मला पाटी परत हवी आहे. ती त्यांच्या गाडीत गोणीत आहे. पतींनी रंगवलेल्या शेकडो पाट्या गावात होत्या, दुकाने बदलली तशा गेल्या. ही एकच उरली होती. त्या उजव्या हाताने आता चमचाही धरता येत नाही. आणि पुढच्या खोलीच्या खिडकीतून फक्त भिंत दिसते, तरी त्यांची घंटी रोज सकाळी १०.४० वाजता वाजते.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘शिडी पळवली’ असे लिहिले होते, ते ‘शिडी नेली’ असे दुरुस्त करून घेतले. शिडी आमची आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करते.