मोठ्यानं न म्हटलेली कविता

वडिलांच्या अस्थी गोदावरीत सोडून मी गंगाखेडच्या स्टँडवर बसले होते. शेजारी मायलेकी बोलत होत्या.

"निकिता, उद्या स्पॅनिशची तोंडी परीक्षा, अन् ती कविता एकदा बी म्हणून बघितली न्हाईस?"

"तूच म्हणलीस ना, घरात आजारी माणूस असताना मरणाचं मोठ्यानं वाचू नको."

"तुझ्या बापाला स्पॅनिश कुठं कळायलंय?"

"बाबांना न्हाई गं. यमाला कळलं तर?"

"येडी! हे काय घर हाय का? म्हण इथं."

"बाकी सगळं एकटीनं शिकले, आई. हिचीच लय भीती वाटायलीय."

"म्हण. मी हाय ना."

मुलीनं हळू आवाजात सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि आईच्या पिशवीत फोन वाजला.

"घरून हाय. उचल."

"तूच उचल, आई."