बायजाची सही

...आणि माझी बायको माझ्या शेजारी बसलेली, धडधाकट, हातात छत्री, गालात पान, अन् बँकेतली काचेपलीकडची पोरगी म्हणते, "आजोबा, या मॅच होत नाहीत." मी म्हटलं, अगो, कोणाशी? माझ्याशी तर पन्नास वर्षं होतायत. ती हसली नाय. बायजाचा अंगठा तिनं परत पुसला, परत त्या लाल दिव्यावर दाबला... कसा होणार मॅच? आमची बायजा जन्मभर धरमतरच्या खाडीवर मिठागरात राबलेली. बोटांच्या रेषा मिठानं कधीच खाल्ल्या. पण खातं चालू ठेवायचं तर ओळख पटली पाहिजे म्हणे. तुम्हाला सांगतो, आधी बँकच माणसाला ओळखायची.

मग साहेब आले. साहेब परगावचे, माणूस सज्जन. म्हणाले, "आजी, सही करा." बायजानं केली. हात थरथरतो हो तिचा, सही आली ती चिखलात खेकडा पळाल्यासारखी. साहेबांनी पडद्यावर तिची जुनी सही दाखवली. "ही आणि ती एक नाही." आता ती सही चौऱ्याहत्तर सालची, केस काळे व्हते तेव्हाची. केस तरी कुठं मॅच होतायत?

त्या सहीची गोष्ट वेगळीच हाय. आमच्या लहानपणी बँक म्हंजे व्यापाऱ्यांची, आम्ही पायरीसुद्धा चढत नव्हतो. मग बँका सरकारी झाल्या नि पेणच्या शाखेत हैबतराव कॅशियर आले, रोज रोह्यावरनं एसटीनं. बायजा नवी नवरी, शाईचा अंगठा पुढं केला तर म्हणाले, "अंगठा राहू दे. सही शिक." आणि चार शनिवार, शाखा बंद झाल्यावर, कोऱ्या स्लिपांच्या पाठीवर तिला शिकवली. मी दारात उभा, तिकडं त्यांची रोह्याची एसटी चुकतेय... पण चौथ्या शनिवारी ती बाहेर आली ना, तिची ती चाल अजून डोळ्यांसमोर हाय. पुढं बँकेच्या पाट्या तीनदा बदलल्या, ही बँक तिच्यात गेली, ती आणखी कोणात गेली. हैबतराव निवृत्त झाले. आधी बँकच माणसाला ओळखायची, ती अशी.

साहेब म्हणाले, "जुनं कोणी ओळखणारं आहे का?" आहे की. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रोह्याला. कुंडलिका नदीच्या काठी हैबतरावांचं घर, त्यांची सून सरू दारात. म्हणाली, "या, बसा, पण बाबा आता कोणालाच ओळखत नाहीत. मला रोज विचारतात, तुम्ही कुठल्या?"

हैबतराव खुर्चीत. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, शाखा सांगितली. नुसते बघत राहिले. मला वाटलं, संपलं, उठावं. बायजानं पिशवीतनं बँकेची कोरी स्लिप काढली, त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली नि सही करायला घेतली. हात लटपटायला लागला. तशी हैबतरावांनी मान पुढं केली नि हळू म्हणाले, "घाई नको गो बाय. मागं रांग नाही."

बायजा थांबली. डोळे पुसले. मग अक्षर अक्षर करून लिहिलं, 'बायजाबाई'तल्या शेवटच्या 'ई'पर्यंत. त्यांनी बोट ठेवून बघितलं, म्हणाले, "आता झाली." आणि सरूकडं वळून विचारलं, "या बाई कुठल्या?"

तो माणूस काय दाखला देणार? तसेच परतलो. एसटीत बायजा खिडकीतनं बघत बसलेली.

सोमवारी बँकेत साहेबांपुढं तिनं पेन घेतलं. मागं रांग व्हती, लोक चुळबुळत व्हते. बायजानं वळून बघितलंच नाय. सावकाश, एकेक अक्षर. साहेबांनी पडद्यावर बघितलं, कागदावर बघितलं, आणि म्हणाले, "जुळली."

मी हात जोडले. तर साहेब ओशाळून म्हणतात, "एक सांगायचं राहिलं, आजोबा. पुढच्या महिन्यात ही शाखा बंद होतेय. खाती अलिबागला जाणार. तिथं पुन्हा एकदा ओळख द्यावी लागेल."

मी कपाळाला हात लावला. बायजा मात्र पिशवी आवरत म्हणाली, "जाऊ की. रोह्यावरनं जाऊ."

आता तुम्हाला सांगतो, पेणहून अलिबाग एकीकडं नि रोहा दुसरीकडं. पण तिला रस्ता कोण समजावणार... मी दोन तिकिटं रोह्याची काढणार, झालं.