वर सारलेल्या बांगड्या

— ते राहू द्या कृष्णात, क्यूबात भाकरी मिळते का ते तुमच्या साखर कारखान्यातल्या सायबांना विचारा, मला स्पॅनिश विचारा. पुढच्या महिन्यात बोटीवर चढणार तुम्ही, आणि अजून टेबल बाई का बाप्या ते सांगता येईना. अहो, तो ऊस, ती साखर, ते गुऱ्हाळ — तीन-तीन लिंगं सांभाळत बोलतोय की आपण, कुणी शिकवलं होतं? त्यांच्याकडं दोनच. शेवटी 'ओ' आला की बाप्या, पुढं 'एल' लावायचं. 'आ' आला की बाई, पुढं 'ला'. संपलं. — सगळंच असं सरळ असतं तर मास्तर कशाला लागला असता? 'दीआ' म्हणजे दिवस, शेवटी 'आ', आणि निघाला बाप्या. म्हणून शब्द एकटा घोकायचा नाही, 'एल'-'ला'सकट घोकायचा.

आतल्या दाराकडं काय बघताय? — तुमच्या आधी शिकायला येतो त्या हंबीररावानं सांगितलं? चहाटळ मेला. बरं, कळलंच आहे तर ऐका. संस्थान गेलं, माझ्या दरबारी इंग्रजीला कुणी विचारेना, म्हणून मुंबईहून हे पुस्तक आणलं आणि दारावर पाटी लावली. आणलं मी. पाठ केलं आमच्या हिनं, जात्यावर बसून, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत. मग काय, मी इथं शब्द विचारायचा, ती दाराआड. बांगड्या एकदा वाजल्या की बाप्या, दोनदा वाजल्या की बाई, आणि उत्तर मी द्यायचं, ऐटीत. तीन वर्षांत एकदा चुकली नाही हो.

गेल्या आठवड्यात म्हणाली, मी बाहेर चटईवर बसते, पाटीवर माझंही नाव घाला. मी हसलो. एकटा हसलो असतो तर गोष्ट वेगळी — शिकायला आलेला हंबीरराव होता, जोतीराम होता, त्यांनाही हसवलं. म्हटलं, मीनाक्षीबाई क्यूबा शिकवायला लागल्या तर आमटीला फोडणी कोण देणार. झालं, तेव्हापासून बांगड्या कोपरापर्यंत सारून ठेवल्यात. कणीक मळते, भांडी घासते, आवाज म्हणून नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

पण अडलंय कुणाचं? मला येतं की. घ्या, 'मानो', म्हणजे हात. शेवटी 'ओ', म्हणजे... थांबा जरा. तुम्हाला काही ऐकू आलं? — नाही ना. मग 'एल मानो'. लिहा.

लिहा की, थांबला का? — 'ला मानो'? कुणी सांगितलं? — हिनं? मागच्या दारी? कधी, आत्ता येताना? — रोज? हंबीररावपण? जोतीरामपण? मग तिकडं शिकून झाल्यावर इथं पुढं येऊन कशाला बसता रे सगळे?

काय?

मला वाईट वाटू नये म्हणून. — तिनंच सांगितलंय बसायला. अर्धा तास.

मिटा ती वही. उठा. — पुढनं नको, कृष्णात. चपला हातात घ्या आणि मागच्या दारानं जावा.